विद्यापीठाच्या दाराबाहेर थांबलेली अध्यापकशाळा

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याला बारावीनंतर प्राथमिक शिक्षक व्हायचे असेल, तर त्याला डी.एल.एड. ही दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते आणि ती शिकवणारी अध्यापक विद्यालये राज्य शासनाच्या शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असतात. तोच विद्यार्थी पदवीधर होऊन माध्यमिक शाळेत शिकवू पाहत असेल, तर त्याला बी.एड. लागते आणि ती पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडून मिळते. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणाऱ्याचे शिक्षण विद्यापीठाबाहेर आणि चौदा वर्षांच्या मुलाला बीजगणित शिकवणाऱ्याचे विद्यापीठाच्या आत, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचारण्यासारखे आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. जगातल्या अनेक देशांत ही भिंत केव्हाच पडली, कारण तिथे अध्यापकशाळाच वाढत वाढत विद्यापीठ झाली. महाराष्ट्रात तसे का घडले नाही, जिथे घडता घडता राहिले तिथे काय झाले, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे तोच प्रश्न आता गोंदियासारख्या जिल्ह्यापुढे कसा उभा राहिला आहे, हे समजून घ्यायचे तर सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून करावी लागते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष सर चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखला जाणारा शिक्षणविषयक खलिता जुलै १८५४ मध्ये लंडनहून हिंदुस्थानाकडे पाठवण्यात आला. त्यात लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे काढावीत असे जसे सांगितले होते, तसेच प्रत्येक इलाख्यात शिक्षक तयार करणाऱ्या ‘नॉर्मल स्कूल’ काढाव्यात आणि तिथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे असेही सांगितले होते. नॉर्मल स्कूल म्हणजे अध्यापकशाळा: तिथे होऊ घातलेला शिक्षक, ज्याला आज छात्राध्यापक म्हणतात, स्वतः विषय पक्का करतो, अध्यापनाची पद्धत शिकतो आणि जोडून असलेल्या सराव शाळेत अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली प्रत्यक्ष पाठ घेतो. अशा संस्थांचे हे नाव फ्रान्सकडून आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, पॅरिसला अशी पहिली राष्ट्रीय संस्था काढण्याचा ठराव झाला होता. एकाच खलित्यातून निघालेल्या या दोन सूचनांचे भवितव्य मात्र वेगळे ठरले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे तीन वर्षांत, १८५७ मध्ये, कायद्याने उभी राहिली, तर अध्यापकशाळा नव्यानेच स्थापन झालेल्या शिक्षण खात्याच्या हवाली झाल्या. त्या काळचे विद्यापीठ स्वतः काही शिकवत नसे, ते फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. त्यामुळे जे ज्ञान उत्तरपत्रिकेपेक्षा वर्गात उभे राहूनच दाखवावे लागते, त्याला अशा विद्यापीठात बसायला जागाच नव्हती.

याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते ते पाहिले म्हणजे फरक लक्षात येतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन येथे जुलै १८३९ मध्ये सरकारी खर्चाची पहिली अमेरिकन नॉर्मल स्कूल उघडली तेव्हा पहिल्या दिवशी तिथे तीन विद्यार्थिनी आल्या. ती शाळा पुढे फ्रेमिंगहॅम या गावी गेली, अध्यापक महाविद्यालय झाली, मग सर्वसाधारण राज्य महाविद्यालय झाली आणि २०१० मध्ये विद्यापीठ झाली. लॉस एंजेलिसची सरकारी नॉर्मल स्कूल १८८२ मध्ये सुरू झाली. १९१९ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची दक्षिणेकडील शाखा बनली आणि आज जगभर यूसीएलए या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ तिच्यातूनच उभे राहिले. जपानमध्ये टोकियोची नॉर्मल स्कूल १८७२ मध्ये निघाली, ती उच्च अध्यापकशाळा आणि नंतर शिक्षणशास्त्राचे विद्यापीठ होत होत १९७३ मध्ये त्सुकुबा विद्यापीठात विसर्जित झाली. १८७५ ची स्त्रियांची अध्यापकशाळा १९४९ मध्ये ओचानोमिझू विद्यापीठ झाली.

या वाढीमागे उदात्त हेतूंपेक्षा व्यवहारच अधिक होता. लहान शहरात दुसरे महाविद्यालय नसे, त्यामुळे ज्यांना शिक्षक व्हायचेच नाही अशी मुलेही नॉर्मल स्कूलमध्ये येऊ लागली. माध्यमिक शाळा वाढल्या तसे त्यांच्यासाठी गणित, इतिहास, रसायनशास्त्र सखोल शिकलेले शिक्षक हवे झाले, म्हणून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला, चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी द्यावी लागली, आणि पदवी देऊ लागल्यावर संस्थेच्या पाटीवरचे नाव बदलणे एवढेच उरले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला तेव्हा ही संख्या आणखी फुगली. या प्रवासाची किंमतही होती: मोठ्या झालेल्या या विद्यापीठांपैकी बऱ्याच ठिकाणी शिक्षणशास्त्राचा विभागच सर्वांत कमी मानाचा ठरला, आणि संस्थेचा जन्म कशातून झाला याची आठवण तिच्या दिमाखात नीट बसेनाशी झाली. तरीही प्राथमिक शिक्षकाची वाट पदवीपर्यंत आणि पदवीच्या पुढेही मोकळी झाली, हे त्यातले मोठे फलित होते.

मराठी मुलखात अध्यापकशाळेची परंपरा काही कमी जुनी नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आयुष्याच्या अखेरीस, १८४५ च्या सुमारास, मुंबईतील शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी होती. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात; म्हणजे भारतातील आद्य शिक्षिकांमध्ये गणली जाणारी ही स्त्री प्रशिक्षित शिक्षिकाही होती, ही गोष्ट तिच्या धैर्याच्या कथांआड नेहमी झाकली जाते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने भूषवले, आणि मेरी कार्पेंटर या इंग्रज समाजसेविकेच्या हिंदुस्थान भेटीनंतर झालेल्या प्रयत्नांतून १८७० मध्ये पुण्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले.

एवढी माणसे लाभूनही या संस्था वर चढल्या नाहीत, याचे पहिले कारण भाषेत आहे. अध्यापकशाळेत मराठी शाळेची शेवटची इयत्ता, म्हणजे जिला लोक ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत ती, उत्तीर्ण झालेले तरुण येत आणि तिथले शिक्षण मराठीत चाले. विद्यापीठाचे दार मात्र इंग्रजीतल्या मॅट्रिकच्या परीक्षेने उघडे. अध्यापकशाळेतून कितीही उत्तम गुणांनी बाहेर पडलेला गुरुजी त्या दाराशी आला की इंग्रजी न येणारा उमेदवार ठरत असे. दुसरे कारण पगारात होते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांचे वेतन तुटपुंजे असल्याची आणि त्यांच्यातले पुष्कळ अप्रशिक्षित असल्याची तक्रार केली, शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पोटापुरते नीट मिळावे अशी मागणी केली. ज्या नोकरीचा पगार इतका कमी, तिच्यासाठी चार वर्षे शिकायला कोणी तयार होणार नव्हते, आणि ज्या समाजातून शिक्षक यावेत असे जोतीरावांना वाटत होते त्याला तर दोन वर्षेही परवडण्यासारखी नव्हती. तिसरे कारण कारभाराचे: अध्यापकशाळा खात्याची असल्यामुळे तिला स्वतःचे विश्वस्त नव्हते, जमीन नव्हती, देणगीदार नव्हते आणि वाढण्याची इच्छा बाळगणारे कोणी नव्हते, खाते म्हणेल तेवढे शिक्षक तयार करायचे आणि खर्चात कपात आली की दार लावून घ्यायचे, एवढेच तिच्या हाती होते.

आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि तो १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच राहिला. या प्रांतात प्राथमिक शिक्षकांसाठी नागपूर आणि अन्य ठिकाणी नॉर्मल स्कूल होत्या, आणि ‘नॉर्मल पास’ असणे ही मास्तराच्या प्रतिष्ठेची खूण होती. माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची गोष्ट अधिक रंजक आहे: एकोणिसावे शतक संपताना सगळ्या हिंदुस्थानात अशी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, मद्रासजवळचे सैदापेठ, लाहोर, राजमहेंद्री, कर्सियांग, अलाहाबाद यांच्या जोडीला त्यांत जबलपूर होते आणि मुंबई इलाख्यातले एकही नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया ते जबलपूर हा नॅरोगेज रेल्वेमार्ग तयार झाला, तेव्हा गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन या छोट्या गाडीने थेट प्रांताच्या अध्यापन केंद्राला जोडले गेले. नागपूर विद्यापीठ त्यानंतर, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, निघाले; ते मॉरिस, हिस्लॉप यांसारख्या कला-विज्ञानाच्या महाविद्यालयांच्या पायावर उभे राहिले, आणि नागपूरची नॉर्मल स्कूल त्या पायात धरली गेली नाही. प्रांतातील सर्वांत जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक असूनही विद्यापीठाच्या जन्माच्या वेळी तिची आठवण कोणाला झाली नाही, यावरून तिचे स्थान काय होते ते कळते.

याच प्रांतात १९३८ मध्ये एक वेगळा प्रयोग झाला. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची ‘नई तालीम’ मांडली होती, आणि मध्य प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली. तिच्यात गावाने शाळेला जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार व्हावा अशी कल्पना होती. या शाळांचे शिक्षक घडवण्यासाठी वर्ध्यात विद्यामंदिर अध्यापकशाळा उघडण्यात आली. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले, प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेतला जोर ओसरला. प्राथमिक शिक्षकाला शेती, सूतकताई, आरोग्य आणि समाज यांचा सांधा जोडता यावा, अशी अपेक्षा बाळगणारे हे प्रशिक्षण कोणत्याही विद्यापीठाच्या तेव्हाच्या अभ्यासक्रमापेक्षा व्यापक होते. ते टिकले असते तर विदर्भातल्या एखाद्या विद्यापीठाचा उगम कदाचित तिथेच दिसला असता.

महाराष्ट्रात अध्यापिकाशाळा आणि विद्यापीठ हे दोन्ही एकाच अंगणात वाढले असे पहिले ठिकाण म्हणजे धोंडो केशव कर्वे यांचे हिंगणे. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केले, आणि आश्रमातून शिकून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना मानाने पोट भरण्याचा सर्वांत सहज मार्ग शिक्षिकेच्या नोकरीचा होता. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. त्यापूर्वी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. जून १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती आणि डॉ. र. पु. परांजपे कुलगुरू झाले, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, कर्व्यांनी प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा काढली. हा क्रम पाहण्यासारखा आहे: अमेरिकेत शाळेतून विद्यापीठ निघाले, कर्व्यांनी विद्यापीठ आधी काढले आणि लगोलग त्याच्या शेजारी अध्यापिकांची सोय केली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवल्यामुळे, ज्या अडथळ्याने सरकारी अध्यापकशाळा विद्यापीठापासून तुटल्या होत्या तो इथे मुळातच राहिला नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांच्या देणगीचा संकल्प केला, तिचे वार्षिक व्याज बावन्न हजार पाचशे रुपये विद्यापीठाला मिळू लागले आणि संस्थेला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव दिले गेले. सरकारमान्यता नसलेल्या या विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीत बराच काळ चालत नव्हती. कायद्याने मान्यता मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतरपर्यंत थांबावे लागले, म्हणजे स्थापनेपासून तीन दशकांहून अधिक.

दुसरे ठिकाण सातारा, आणि तिथली गोष्ट या विषयाच्या सर्वांत जवळची आहे. भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली; सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात जन्मलेल्या या संस्थेचे मुख्य काम पहिली काही वर्षे वसतिगृहांचे होते. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः धान्य दळत आणि स्वयंपाक करत, आणि खर्च भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांचे दागिनेही त्यात गेले. वसतिगृहातून शिकलेली मुले गावाकडे परत जात तेव्हा गावात शाळाच नसे, आणि शाळा काढायची तर तिथे राहायला तयार असलेला प्रशिक्षित शिक्षक नसे. या गरजेतून १९३५ मध्ये, पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, साताऱ्याला ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ सुरू झाले. सत्यशोधकाने बादशहाच्या महोत्सवाचे नाव वापरावे यात व्यवहारचातुर्य होते हे उघडच आहे. नाव राजाचे आणि विद्यार्थी कुणब्याचे, धनगराचे, महाराचे, मांगाचे.

या अध्यापकशाळेचा उपयोग लगेचच झाला. १९३७ नंतर मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने खासगी संस्थांना अनुदान देऊन ‘व्हॉलंटरी’ शाळा काढायला उत्तेजन दिले, तेव्हा रयतने डोंगराळ आणि दुर्गम गावांत शेकडो शाळा उघडल्या, कारण त्यांना लागणारे शिक्षक आपल्याच घरात तयार करण्याची व्यवस्था तिच्यापाशी होती. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ मध्ये ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले आणि १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचे शिक्षणशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. वसतिगृह, अध्यापकशाळा, हायस्कूल, महाविद्यालय, मग बी.एड.ची संस्था अशा पायऱ्यांनी ही वाढ झाली, आणि प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचे शिक्षक आधीच्या पायरीतून आले. २०२१ मध्ये राज्य शासनाने साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ मंजूर केले. हे समूह विद्यापीठ आहे, म्हणजे जवळजवळच्या काही जुन्या महाविद्यालयांना एकत्र आणून त्यांनाच विद्यापीठाचा दर्जा देण्याची ही रचना आहे. त्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन महाविद्यालये आहेत. कला, विज्ञान, वाणिज्य आत आले. ज्या अध्यापनकार्याच्या बळावर संस्था खेड्यापाड्यांत पोचली त्याच्या शाळा-महाविद्यालयांना या तिघांत जागा मिळाली नाही. रयतसारख्या संस्थेतही असे व्हावे, यावरून ही सवय किती खोल आहे ते कळते.

मुंबईत मात्र दोन वर्षे आधी नेमके उलट झाले होते. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिल्यानंतर १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले होते. मुंबई विद्यापीठाने पुढे बी.टी. ही पदवी आणि १९३६ मध्ये एम.एड. ही पदव्युत्तर पदवी सुरू केली तेव्हा माध्यमिक अध्यापनाचे शिक्षण विद्यापीठाच्या आत आले, प्राथमिक मात्र बाहेरच राहिले. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन कॉलेज आणि सिडनहॅम कॉलेज यांच्या बरोबरीने हे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेजही त्याचे घटक झाले. महाराष्ट्रात एखादी अध्यापक घडवणारी संस्था स्वतःच विद्यापीठाचा भाग म्हणून उभी राहिल्याचे ठळक उदाहरण हेच, आणि त्यासाठी तिला एकशे तेरा वर्षे लागली.

मधल्या काळात हा दुरावा कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागात घडलेले मराठी शिक्षणतज्ज्ञ होते, शिक्षक-प्रशिक्षणाचे दुखणे नेमक्या शब्दांत मांडले: या संस्था विद्यापीठीय जीवनापासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. उपाय सुचवले गेले आणि बहुतेक कागदावर राहिले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातले ‘डाएट’, स्थापण्याची योजना आली आणि गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाल्यावर तिथेही अशी संस्था आली, तीसुद्धा खात्याचीच. २००० पासून राज्यात शिक्षणसेवक योजना लागू झाली, म्हणजे नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे; तरीही डी.एड. (आजच्या डी.एल.एड.चे तेव्हाचे नाव) झाले की नोकरी नक्की या समजुतीने खासगी अध्यापक विद्यालयांचे पीक आले. दशकभरात भरती थंडावली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, जागा रिकाम्या राहू लागल्या आणि बरीच विद्यालये बंद पडली. जी संस्था फक्त एका नोकरीची पूर्वअट म्हणून जगते तिची नोकरी गेली की तिच्यापाशी दुसरे काहीच उरत नाही. शेजारी विज्ञानाचा वर्ग, ग्रंथालय, संशोधन करणारे प्राध्यापक असते तर या इमारती इतक्या चटकन ओस पडल्या नसत्या.

गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आमगावजवळचे पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मगाव असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले, आणि आमगावच्या शिक्षण संस्थेनेही त्याचेच नाव घेतले. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त दुसऱ्या अंकात आत्रेयी ही विद्यार्थिनी, गुरू हुशार आणि मंद अशा दोघांनाही सारखीच विद्या देतो, फळ मात्र घेणाऱ्याच्या पात्रतेप्रमाणे वेगळे येते, अशा आशयाचे बोलते, वाल्मीकींच्या आश्रमात कुश आणि लव इतके झपाट्याने शिकतात की आपल्याला त्यांच्या बरोबरीने चालता येत नाही, म्हणून ती तो आश्रम सोडून निघालेली असते. अध्यापकशाळा नावाची संस्थाच मुळी या मताविरुद्ध उभी आहे. शिकवण्याची पद्धत बदलली तर फळ बदलते, या गृहीतकाशिवाय पाठ टाचण, सराव पाठ, पाठ निरीक्षण यांतल्या कशालाच अर्थ राहत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत गोंडी किंवा हलबी बोलणारे मूल, गोंदिया-तिरोडा पट्ट्यात घरी पोवारी बोलणारे मूल आणि बालाघाटच्या सीमेलगत हिंदीत वाढलेले मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा त्याला मराठीतून वाचायला कसे शिकवावे हा प्रश्न पात्रतेचा नसून पद्धतीचा असतो. त्याचे उत्तर काढायला भाषाशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि वर्गातला रोजचा अनुभव हे सगळे एका छताखाली लागते. नेमके हेच सध्याच्या विभागणीत जुळून येत नाही: भाषाशास्त्र विद्यापीठात, बालक जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि त्याचा भावी शिक्षक या दोहोंपासून लांब एखाद्या स्वतंत्र अध्यापक विद्यालयात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विभागणीला मुदत घातली आहे. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करावी, म्हणजे विषयाचे आणि अध्यापनाचे शिक्षण एकाच पदवीत व्हावे, आणि एकट्या उभ्या असलेल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थांनी तोवर बहुविद्याशाखीय व्हावे, असे त्यात म्हटले आहे. पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक टप्प्याचा शिक्षकही या पदवीच्या कक्षेत येतो, त्यामुळे डी.एल.एड. आणि बी.एड. यांच्यामधली १८५४ नंतर उभी राहिलेली भिंत निदान धोरणात तरी राहत नाही. प्रत्यक्षात पाहता, मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीकडे कला-वाणिज्याचे नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि पुंजाभाई पटेल शिक्षणशास्त्र महाविद्यालय अशा तिन्ही गोष्टी एकाच शहरात आहेत, आणि मुंबईच्या समूह विद्यापीठाचे घटक यापेक्षा फार वेगळे नव्हते. गोंदियाला स्वतःचे विद्यापीठ नाही. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे तिकडे गेले, गोंदिया नागपूरकडेच राहिला. तालुक्यांच्या गावी एखाद्या इमारतीत चालणाऱ्या छोट्या अध्यापक विद्यालयांना आणि खात्याच्या ताब्यातल्या डाएटला या जोडणीत कोण घेणार, कोणत्या नियमाने घेणार आणि तिथल्या अध्यापकाचार्यांना विद्यापीठाचे प्राध्यापक मानणार की पुन्हा एकदा परीक्षा पाहून बाहेरच ठेवणार, याचा निर्णय आता धोरणाच्या पानांवरून उतरून नागपूर विद्यापीठाच्या आणि शिक्षण संचालनालयाच्या टेबलांवर व्हायचा आहे.